चुकलेली पारख आणि मिटलेले डोळे

अमेरिकन फुटबॉलमध्ये दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस ‘ड्राफ्ट’ होतो. एनएफएल या व्यावसायिक लीगचे ३२ संघ महाविद्यालयीन मैदानांवरून बाहेर पडणाऱ्या तरुणांना एकामागून एक निवडून घेतात. आपल्याकडच्या आयपीएल लिलावात पैसा बोलतो, तिथे पाळी बोलते. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाची निवड पहिली, विजेत्याची फेरीत सर्वांत शेवटी. कोणत्या संघाकडे जायचे हे खेळाडूच्या हाती जवळजवळ नसतेच. या साऱ्या निवडींत सर्वांत मोलाची, सर्वांत गाजणारी आणि सर्वांत सहज फसणारी निवड क्वार्टरबॅकची, म्हणजे डाव चालवून साथीदारांकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडीचे नाव १९९व्या क्रमांकावर पुकारले गेले, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते, आणि पुढे त्याने सात अजिंक्यपदे जिंकली, ही गोष्ट अमेरिकेत शाळकरी मुलांनाही पाठ आहे. अशा गोष्टी सांगून झाल्या की निष्कर्षही ठरलेला असतो: क्वार्टरबॅक ओळखणे म्हणजे शेवटी मटका, लागला तर लागला. हा निष्कर्ष मला अर्धाच पटतो, आणि जो अर्धा पटत नाही तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ड्राफ्टच्या इतिहासात क्वार्टरबॅक हुकण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. पाहून, मोजून, विचार करूनही अंदाज चुकला, हा एक. पाहायचेच नाही असे ठरवून टाकले होते, हा दुसरा. ‘मटका’ हा शब्द या दोन्हींवर एकच पांघरूण घालतो आणि दुसऱ्या प्रकाराला पहिल्याची निरागसता बहाल करतो.

पारख एवढी अवघड का, हे कळायला क्वार्टरबॅकचे काम जवळून पाहावे लागते. डाव सुरू होतो तेव्हा चेंडू पुढे उभ्या सहकाऱ्याच्या दोन पायांमधून मागे त्याच्या हाती येतो. त्याच क्षणी समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे धिप्पाड बचावपटू त्याच्यावर धावून येतात, आणि त्याचे सहकारी त्यांना अंगावर घेत त्याच्याभोवती एक कोंडाळे धरून ठेवतात. ते कोंडाळे अडीच-तीन सेकंद टिकते. तेवढ्यात त्याने मागे सरायचे, पुढे पळणाऱ्या चार-पाच साथीदारांपैकी कोण मोकळा होणार आहे हे ओळखायचे (मोकळा झाल्यावर फेकलेला चेंडू बहुधा उशिराच पोचतो) आणि बचावफळीने डाव सुरू होण्याआधी दाखवलेली रचना खरी होती की फसवी, हेही ताडायचे. अंगावर कोसळू पाहणाऱ्या माणसाकडे त्याने बघायचे नसते. तो बघत नाही हेच त्याचे कसब, आणि ते कसब कुठल्याही टेपने मोजता येत नाही. त्यातही महाविद्यालयात हे सारे सोपे असते. मैदानावर मोकळी जागा जास्त मिळते, बचाव साधे असतात, बलाढ्य विद्यापीठांचे साथीदार इतके वरचढ असतात की ते मोकळे सुटतातच. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचा तिथला खेळ पाहून तो व्यावसायिक मैदानावर काय करील हे सांगायचे, म्हणजे त्याने आजवर न केलेल्या कामाबद्दल सांगायचे.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा संघ सतत हरत असे आणि चांगले खेळाडू श्रीमंत संघांकडे जात. तळाच्या संघाला पहिली निवड मिळाली तर लीग समतोल राहील, हे त्यांनी बाकीच्या मालकांना पटवले. संघ नऊ, फेऱ्या नऊ, आणि फळ्यावर खडूने लिहिलेली सुमारे नव्वद नावे. स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा नोकर, अजून कुणाकडे नव्हता; वर्तमानपत्रे, मासिके आणि ओळखीच्या प्रशिक्षकांचे शब्द हीच माहितीची साधने. पहिला निवडलेला जे बरवॅंगर व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. दुसरा होता अलाबामाचा रायली स्मिथ, आणि तो क्वार्टरबॅक होता. पण त्या काळातल्या ‘सिंगल विंग’ रचनेत क्वार्टरबॅकचे मुख्य काम अडवणुकीचे, म्हणजे इतरांसाठी वाट मोकळी करून देण्याचे असे. आज आपण ज्याला क्वार्टरबॅक म्हणतो तो घडला तो १९४० च्या सुमारास, शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हलास यांनी चेंडू थेट क्वार्टरबॅकच्या हाती देणारी ‘टी’ रचना रुळवली तेव्हा. त्यासाठी त्यांनी कोलंबिया विद्यापीठाचा सिड लकमन १९३९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतला. लकमन तोवर ही रचना खेळलेलाच नव्हता, सुरुवातीला तो तीत अडखळलाही. डिसेंबर १९४० मध्ये त्याच्या संघाने अंतिम सामना ७३–० असा जिंकला. लकमनला क्वार्टरबॅक म्हणून आधी कुणी हेरले नव्हते. हलास यांनी त्याला शिकवून क्वार्टरबॅक केला. ड्राफ्टच्या या पहिल्याच मोठ्या यशात पुढच्या सगळ्या वादाचे बीज आहे, आणि त्याच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

पुढच्या दीड दशकातल्या चुका समजण्याजोग्या आहेत, कारण माहितीच तुटपुंजी होती. पिट्सबर्ग स्टीलर्सने १९५५ मध्ये नवव्या फेरीत जॉनी युनायटस नावाचा मुलगा घेतला आणि सरावसामन्यांतही त्याला खेळवून न पाहता घरी पाठवला. तो बांधकामावर मजुरी करत सामन्यामागे सहा डॉलर घेऊन ब्लूमफील्डच्या अर्धव्यावसायिक संघाकडून खेळत राहिला. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला बोलावले, आणि डिसेंबर १९५८ मध्ये जादा वेळेत जिंकलेल्या ज्या अंतिम सामन्याने हा खेळ दूरचित्रवाणीवर देशभर पोचवला त्याचा नायक युनायटसच होता. बार्ट स्टारला ग्रीन बेने १९५६ मध्ये थेट सतराव्या फेरीत, २००व्या क्रमांकावर घेतले. त्याच्या नेतृत्वाखाली संघाने पाच अजिंक्यपदे मिळवली. स्टीलर्सना मात्र या बाबतीत शापच होता म्हणायचे. १९८३ मध्ये त्यांच्याच शहरात वाढलेला, त्यांच्याच शहरातल्या विद्यापीठाकडून खेळलेला डॅन मरीनो समोर असताना त्यांनी २१व्या क्रमांकावर दुसऱ्याच खेळाडूचे नाव दिले. मरीनो २७व्या क्रमांकावर मायामीला गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउनचे, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, पास फेकले. तोवर असा आकडा कुणी पाहिला नव्हता.

माहिती कमी पडते म्हणून चुका होतात, असे एकदा धरले की उपाय सरळ दिसतो: माहिती वाढवा. लीगने साठ वर्षे हाच उपाय केला. लॉस एंजेलिस रॅम्सने १९४६ मध्ये एडी कोटल यांना देशभर फिरून खेळाडू पाहण्यासाठी पूर्णवेळ नेमले. क्लीव्हलंडचे पॉल ब्राउन खेळाडूंना वर्गात बसवून लेखी परीक्षा घेत आणि ४० यार्ड धावण्याची वेळ घड्याळावर मोजत. साठच्या दशकात डॅलस काउबॉइजचे टेक्स श्रॅम यांनी हे काम संगणकाकडे सोपवायचे ठरवले, आणि इथे एक भारतीय माणूस या कथेत येतो. आयबीएमच्या एका उपकंपनीत काम करणारे संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी भारतातून तिकडे गेलेले. त्यांना अमेरिकन फुटबॉलचा गंधही नव्हता. प्रशिक्षक आणि स्काउट खेळाडूचे वर्णन करताना शेकडो विशेषणे वापरत. त्यांतली कोणती खरोखर वेगळे काही सांगतात आणि कोणती एकाच गुणाची दोन नावे आहेत, हे कुरेशींनी गणिताने चाळले आणि ती यादी चारित्र्य, चपळता, ईर्ष्या, बुद्धीची तत्परता, ताकद अशा मोजक्या गुणांवर आणली. परक्या डोळ्यांनी केलेले हे काम मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बुद्धिमान काम वाटते, कारण त्यांनी ‘हा किती चांगला?’ याच्या आधी ‘चांगला म्हणताना तुम्ही नेमके काय म्हणता?’ हे विचारले. पुढे अनेक संघांनी मिळून स्काउटिंगच्या संस्था काढल्या. १९८२ मध्ये टॅम्पात खेळाडूंच्या एकत्रित तपासणीचे शिबिर सुरू झाले आणि १९८७ पासून ते इंडियानापोलिसला भरते. उंची, वजन, तळहाताची लांबी, उडी, धाव, सांध्यांची तपासणी, मुलाखती, आणि बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची वंडरलिक नावाची चाचणी. ती २०२२ मध्ये बंद झाली.

एवढे करून ब्रेडी १९९वा. शिबिरात तो ४० यार्ड ५.२८ सेकंदांत धावला, जे क्वार्टरबॅकच्या मानानेही संथच. ब्रेडीच्या घरापासून जवळच असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत जो क्वार्टरबॅक घेतला त्याला लीगच्या एकाही नियमित सामन्यात उतरायला मिळाले नाही. अशी उदाहरणे निवडून काहीही सिद्ध करता येते, म्हणून अभ्यासकांनी काय मोजले ते पाहणे बरे. अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी अनेक वर्षांच्या ड्राफ्टचा हिशोब मांडला. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्के आढळली. नाणेफेकीत ती ५० असते. डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांनी २०११ मध्ये खास क्वार्टरबॅकचा अभ्यास मांडला: कोण किती वर निवडला जाणार यावर उंची, धाव, वंडरलिकचे गुण यांचा प्रभाव पडतो, पण निवडीचा क्रमांक आणि पुढे मैदानावर एकेका डावात केलेली कामगिरी यांचे नाते फार क्षीण आहे.

या दुसऱ्या निष्कर्षावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. खालच्या फेरीतल्या बहुतेक क्वार्टरबॅकना मैदान दिसतच नाही. जे थोडे दिसतात ते सरावात स्वतःला सिद्ध करूनच तिथवर आलेले असतात. म्हणजे तुलना होते ती पहिल्या फेरीतले सगळे आणि सहाव्या फेरीतले निवडक यांच्यात. एकूण सामने, एकूण यार्ड, एकूण विजय पाहिले तर वरच्या फेरीतलेच सरस ठरतात. हे खरे आहे. पण एकूण आकडा हा संधीचाही आकडा असतो. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूवर मालकाने कोट्यवधी डॉलर आणि स्वतःची अब्रू लावलेली असते. तो पडला तरी दोन-तीन मोसम त्याला खेळवले जाते. सहाव्या फेरीतला पहिल्या घोटाळ्यानंतर बाहेर. ब्रेडीला खेळायला मिळाले ते सप्टेंबर २००१ मध्ये संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो गंभीर जखमी झाला म्हणून. ब्लेडसोशी संघाने त्याच वर्षी दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरहून मोठा करार केला होता. त्या दुपारी ब्लेडसो धडधाकट उठून उभा राहिला असता तर ब्रेडी कुठल्या आकडेवारीत सापडला असता, हे कुणालाच सांगता येणार नाही. आक्षेप मान्य केला तरी एवढे उरतेच की संघ मैदानाबाहेर जे मोजतात आणि मैदानावर जे लागते त्यांच्यातली दरी मोजमापे वाढवून बुजलेली नाही.

ती का बुजत नाही, याचे उत्तर लकमनच्या गोष्टीत आहे. संघ क्वार्टरबॅककडे जवाहिऱ्याने हिरा पाहावा तसे पाहतात: मोल आत आहेच, ते ओळखायचे तेवढे. पण हे मोल बऱ्याच अंशी निवडीनंतर ठरते. जो मोंटानाला १९७९ मध्ये ८२व्या क्रमांकावर घेतले गेले, कारण त्याचा हात फार जोरकस नव्हता. त्याला घेणारे बिल वॉल्श यांनी सिनसिनाटीत असताना अशाच कमी ताकदीच्या फेकीसाठी छोट्या, अचूक वेळेच्या पासांची एक पद्धत बसवली होती. त्या पद्धतीला हात कमी आणि पावलांची लय जास्त लागते, आणि मोंटानाच्या हलक्या पावलांवर वॉल्श यांची नजर खिळली. इतर संघांना त्यात उणीव दिसली, कारण त्यांच्या खेळात ती उणीवच ठरली असती. उलट बाजूला डेव्हिड कार. २००२ मध्ये पहिल्या क्रमांकावर नव्या ह्यूस्टन टेक्सन्सकडे गेला आणि त्या एका मोसमात ७६ वेळा चेंडूसकट जमिनीवर आदळला गेला. २००५ चा पहिला अलेक्स स्मिथ. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावरचा आक्रमण-प्रशिक्षक जवळजवळ दरवर्षी बदलला, आणि दरवर्षी नवी परिभाषा, नवे डाव, नवे पाठांतर. सगळ्यांनी त्याला बाद धरल्यावर स्थिर प्रशिक्षक लाभताच तो जिंकू लागला. पुढे कॅन्सस सिटीत त्याच्या मागे जवळजवळ पूर्ण वर्ष बाकावर बसून शिकला तो पॅट्रिक माहोम्स, २०१७ चा दहावा. शिकागोने त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकासाठी जादा निवडी मोजून मिचेल ट्रुबिस्की घेतला होता. माहोम्स शिकागोत गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न चाहते चघळतात. मला त्यातले शहाणपण एवढेच दिसते की तो प्रश्न खरोखर अनिर्णित आहे.

यावर म्हणता येईल की मग रायन लीफ आणि जमार्कस रसेल यांचे काय? १९९८ चा दुसरा आणि २००७ चा पहिला. दोघेही थोड्याच वर्षांत संपले, आणि त्यांना कुठल्याही संघाने तारले असते असे मानणे कठीण आहे. कबूल. घडवण्याला मर्यादा आहेत, आणि माणसाच्या स्वभावातल्या काही गोष्टी आधी दिसल्या तर दिसतात, नाही तर नाही. इंडियानापोलिसचे बिल पोलियन यांनी त्याच १९९८ मध्ये लीफऐवजी पेटन मॅनिंग निवडला, तेव्हा दोघांत कोण सरस यावर जाणकारांत खरी दुफळी होती. पोलियन यांची नजर अचूक ठरली. म्हणजे पारख ही गोष्ट अस्तित्वात आहे. ती तोकडी आहे, तिच्या यशात नशिबाचा वाटा मोठा आहे, आणि ब्रेडी, मोंटाना, युनायटस यांना हुकलेल्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. इथवर मटक्याची उपमा चालते.

इथून पुढे ती चालत नाही. एनएफएलमध्ये १९३४ ते १९४५ या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. कुठे लेखी नियम नव्हता, मालकांची मूक सहमती होती. ड्राफ्टची पहिली दहा वर्षे पूर्णपणे याच काळात येतात. बंदी उठल्यावर दारे उघडली ती काही जागांपुरती. पळणारे, झेलणारे, बचाव करणारे कृष्णवर्णीय चालत. चेंडू हाती घेऊन दहा माणसांना हुकूम देणारा चालत नसे. ‘डोके लागते’, ‘नेतृत्व लागते’, ‘गोरे सहकारी ऐकणार नाहीत’ अशी कारणे दिली जात. १९६८ मध्ये ओकलंड रेडर्सने टेनेसी स्टेटचा क्वार्टरबॅक एल्ड्रिज डिकी पहिल्या फेरीत घेतला आणि त्याला चेंडू झेलणारा करून टाकले. दुसऱ्या फेरीत घेतलेला केन स्टेबलर पुढे त्यांचा क्वार्टरबॅक झाला. त्याच वर्षी डेन्व्हरने मार्लिन ब्रिस्को चौदाव्या फेरीत बचावपटू म्हणून घेतला. ब्रिस्कोने करार करताना क्वार्टरबॅकची चाचणी द्यायची अट घालून घेतली, मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर मैदानात उतरला आणि त्या मोसमात १४ टचडाउन पास फेकले. डेन्व्हरच्या कुठल्या नवोदिताने तोवर इतके फेकले नव्हते. पुढच्या वर्षी संघाने त्याला क्वार्टरबॅकच्या शर्यतीतच धरले नाही. त्याने सुटका मागून घेतली, बफेलोत जाऊन चेंडू झेलायला शिकला, आणि मायामीच्या १९७२ च्या अपराजित संघातही त्याच जागी खेळला. इथे अंदाज कुठे चुकला? चौदा पास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडले होते.

ग्रँब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांना हे सगळे ठाऊक होते. त्यांनी जेम्स हॅरिसला ठरवून, व्यावसायिक पद्धतीचा क्वार्टरबॅक म्हणून तयार केला. दुसऱ्या जागेवर खेळायला सांगितले तर नकार द्यायचा, हेही त्याला बजावले. सहा फूट चार इंच उंची, जोरदार हात, म्हणजे स्काउटच्या फूटपट्टीवर सारे बसत होते. १९६९ च्या ड्राफ्टमध्ये तो आठव्या फेरीपर्यंत थांबला. १९७० मध्ये जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की संघाच्या मध्यवर्ती, निर्णयाच्या जागांवर कृष्णवर्णीय खेळाडू तुरळक आहेत आणि कडेच्या जागांवर त्यांची गर्दी आहे. संगणकाचे युग तेव्हा सुरू झालेले होते, पण संगणकाला हे दिसणार नव्हते, कारण त्यात जे भरायचे ते स्काउटच्याच अहवालातून यायचे. ज्या मुलाच्या नावापुढे स्काउटने ‘झेलणारा’ असे लिहिले त्याचे क्वार्टरबॅक म्हणून गुण काढायला कुरेशींचे गणित कितीही निर्दोष असून काय उपयोग?

सर्वांत स्पष्ट पुरावा वॉरन मूनचा. २ जानेवारी १९७८ रोजी त्याने वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्यात मिशिगनवर विजय मिळवून दिला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये बारा फेऱ्या होत्या. त्याचे नाव एकाही फेरीत पुकारले गेले नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, लागोपाठ पाच वेळा तिथला ग्रे कप जिंकणाऱ्या संघात राहिला, १९८४ मध्ये ह्यूस्टनच्या संघात आला आणि एनएफएलमध्ये १७ मोसम खेळून २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. संघांची बाजू घेणारे सांगतात की ड्राफ्टच्या आधीच मूनने कॅनडाशी करार केला होता, मग त्याच्यावर निवड कोण वाया घालवणार? करार आधी झाला हे खरे. पण तो झाला कारण त्याला जागा बदलायला सांगितले जात होते आणि क्वार्टरबॅक म्हणून वरच्या फेऱ्यांत कुणी घेणार नाही हे त्याला कळून चुकले होते. शिवाय हाती न लागणाऱ्या खेळाडूवर निवड खर्च करण्याची रीत लीगला नवी नव्हती. डॅलसने १९६४ मध्ये नौदलाच्या रॉजर स्टॉबॅकवर दहाव्या फेरीतली निवड लावली, तेव्हा त्याची नौदलातली सक्तीची सेवा अजून व्हायची होती. तो आला १९६९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि संघाला दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिले. डॅलसचे शहाणपण म्हणून हे उदाहरण आजही सांगतात. स्टॉबॅकसाठी पाच वर्षे थांबण्याची कल्पना सुचली. मूनसाठी बाराव्या फेरीतला शेवटचा, जवळजवळ फुकट असलेला क्रमांकही कुणी वापरला नाही. अठ्ठावीस संघ, बारा फेऱ्या. इतक्या वेळा नाणे एकाच बाजूला पडत नाही.

आणखी एक आक्षेप अर्थशास्त्राचा आहे: मालकांना जिंकायचे असते, जिंकून देणारा माणूस रंगामुळे सोडला तर प्रतिस्पर्धी त्याला उचलेल, म्हणून असा भेदभाव फार काळ तगूच शकत नाही. हा युक्तिवाद स्पर्धकांपैकी निदान एकजण वेगळा वागेल असे गृहीत धरतो. तसे एकदा झालेही. १९७८ मध्येच टॅम्पा बेने ग्रँब्लिंगचा डग विल्यम्स १७व्या क्रमांकावर घेतला, आणि दुसऱ्याच मोसमात तो नवखा संघ उपान्त्य टप्प्यापर्यंत गेला. त्याच संघात तेव्हा साहाय्यक असलेल्या जो गिब्ज यांनी त्याला नीट पारखले होते. पुढे वॉशिंग्टनचे मुख्य प्रशिक्षक झाल्यावर त्यांनीच त्याला परत आणले, आणि जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये विल्यम्सने एकाच सत्रात चार टचडाउन पास फेकून डेन्व्हरला ४२–१० असे हरवले. पण या उदाहरणातून बाकीच्यांनी लगेच धडा घेतला नाही, कारण संघचालकाला हरण्यापेक्षा वेगळे वागून हरण्याची भीती जास्त असते. रूढ चेहऱ्याचा, रूढ उंचीचा क्वार्टरबॅक फसला तर नशीब खराब. वेगळा फसला तर निवडणाऱ्याची नोकरी जाते. हीच भीती ब्रेडीसारख्या हडकुळ्या मुलाच्या किंवा सहा फुटांच्या ड्रू ब्रीझच्याही आड आली, पण त्यांना कुणी ‘तू क्वार्टरबॅक नाहीसच’ असे सांगितले नाही.

हे सारे आता संपले, असे म्हणायला आधार नक्कीच आहे. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक, माहोम्स आणि जेलन हर्ट्स, कृष्णवर्णीय होते. तरीही २०१८ आठवावे. लमार जॅक्सनने हाइजमन हा महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च सन्मान मिळवलेला होता, आणि त्याने चेंडू झेलणारा व्हावे असा जाहीर सल्ला दिला तो कुणा अडाण्याने नव्हे, मॅनिंगला अचूक ओळखणाऱ्या बिल पोलियन यांनी. जॅक्सन पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२व्या क्रमांकावर गेला. त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक निवडले गेले. पुढच्याच मोसमात त्याने लीगमध्ये सर्वाधिक टचडाउन पास फेकले आणि एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. पोलियन यांनी नंतर आपली चूक मान्य केली. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचे मला कारण दिसत नाही. जुन्या सवयीला हेतूची गरजही नसते. एका पारख्याची नजर वीस वर्षांच्या अंतराने एकदा स्वच्छ आणि एकदा झाकोळलेली असू शकते, एवढे त्यातून दिसते.

आकडेवारीच्या अभ्यासांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. मॅसी-थेलर असोत की बेरी-सिमन्स, ते निवडलेल्यांचाच हिशोब मांडू शकतात. ज्यांच्याकडून फेकण्याचे काम काढूनच घेतले त्यांचा रकाना रिकामा असतो, आणि रिकामा रकाना चूक म्हणून मोजला जात नाही. टॅम्पा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक फ्रेडी सॉलोमन एनएफएलमध्ये चेंडू झेलत राहिला. टोनी डंजीने मिनेसोटा विद्यापीठ सोडले तेव्हा तिथले पासांचे विक्रम त्याच्या नावावर होते. १९७७ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतले नाही, आणि पिट्सबर्गने करार केला तो बचावपटू म्हणून. पुढे तो प्रशिक्षक झाला, त्याच्या हाताखाली मॅनिंगने सुपर बोल जिंकला, म्हणजे या खेळाची त्याची समज कुणाहून कमी नव्हती. ऑक्टोबर १९७७ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध पिट्सबर्गचे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले आणि नाइलाजाने डंजीला त्या जागी उभे केले गेले, त्या जागेचा सराव नसताना. त्याने आठ पास फेकले, तीन साथीदारांपर्यंत पोचले, दोन प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. क्वार्टरबॅक म्हणून एनएफएलच्या दप्तरी त्याची नोंद आहे ती त्या एका दुपारची.